नव्याने उभारलेल्या सर्व्हरवर सिस्टम स्टेट परत आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा-बुटीबोरीतला कारखाना असो, इतवारीतली पेढी असो की धंतोली-रामदासपेठेतलं रुग्णालय, नागपुरात अनेक ठिकाणी एकच विंडोज सर्व्हर सगळ्यांचं लॉगिन, शेअर फोल्डर आणि प्रिंटर सांभाळत असतो. त्याची डिस्क किंवा मदरबोर्ड गेला, नवीन विंडोज टाकलं, हातात जुना बॅकअप आहे, आणि आता पुढे काय, हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. सगळी माहिती विंडोजसोबतच मिळणाऱ्या ‘विंडोज सर्व्हर बॅकअप’ला धरून आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

सिस्टम स्टेटमध्ये नेमकं काय असतं?

सर्व्हरची ओळख असते. रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंगचा साठा), बूट फाइल्स, विंडोजच्या संरक्षित सिस्टम फाइल्स आणि कॉम प्लसची, म्हणजे प्रोग्रामच्या घटकांची, नोंदवही एवढं सगळ्याच सर्व्हरवर असतं. सर्व्हर डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे युजर आणि कंप्युटरांच्या नोंदींचा, डेटाबेस (एनटीडीएस डॉट डिट ही फाइल) आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइल्स असलेलं सिसव्हॉल फोल्डर त्यात येतं. सर्टिफिकेट सर्व्हिस असेल तर तिचा डेटाबेसही येतो. मात्र तिची प्रायव्हेट की ‘सर्टयुटिल’ या कमांडने वेगळी काढून ठेवावी, फक्त सिस्टम स्टेटवर विसंबू नये.

तुमचा डेटा त्यात नसतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, एसक्यूएलचे डेटाबेस, शेअरमधल्या एक्सेल फाइल्स यांतलं काही नाही. ‘बॅकअप आहे ना’ म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाकडे पुष्कळदा फक्त सिस्टम स्टेट असतं. तेव्हा रिस्टोरला हात घालण्याआधी डेटाचा बॅकअप वेगळा आहे का आणि तो कुठे आहे, हे पक्कं करा.

आमच्याकडे दुसरा डोमेन कंट्रोलर चालू आहे. तरीही रिस्टोर करायचं का?

नको. या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला हाच आहे. दुसरा डीसी धडधाकट असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची जिवंत आणि ताजी प्रत तुमच्याकडे आहेच. जुन्या बॅकअपमधून मेलेला डीसी उठवण्यापेक्षा हे करा :

चालू डीसीवर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कंप्युटर्स’ उघडा, डोमेन कंट्रोलर्समधून मेलेल्या सर्व्हरची नोंद डिलीट करा आणि ‘हा कायमचा बंद आहे’ या पर्यायावर खूण करा. सर्व्हर २००८ पासून मेटाडेटाची, म्हणजे त्या सर्व्हरच्या उरलेल्या नोंदींची, साफसफाई एवढ्यानेच होते. ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये आणि डीएनएसमध्ये त्याचं नाव उरलं असेल तर तेही काढा. एफएसएमओच्या, म्हणजे एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या, पाच भूमिकांपैकी काही त्या सर्व्हरवर असतील तर ‘एनटीडीएसयुटिल’ या कमांडने त्या ताब्यात घ्या. त्यानंतर नव्या मशीनवर ताजं विंडोज टाकून त्याला डीसी म्हणून प्रमोट करा, बाकी माहिती रेप्लिकेशनने, म्हणजे दुसऱ्या डीसीवरून नक्कल होऊन, आपोआप येईल. भूमिका ताब्यात घेतल्यावर जुना सर्व्हर पुन्हा नेटवर्कवर लावायचा नाही, ‘एकदा चालू करून बघू’ म्हणूनसुद्धा नाही.

सिस्टम स्टेट रिस्टोर खरं उपयोगी पडतं ते एकुलता एक डीसी गेल्यावर, चुकून डिलीट झालेले युजर परत हवे असताना, किंवा रजिस्ट्री बिघडलेला सर्व्हर त्याच मशीनवर उभा करायचा असताना.

नवीन मशीनवर कुठलं विंडोज टाकायचं?

जे होतं तेच, आणि ‘तेच’ अगदी काटेकोरपणे. सर्व्हर २०१६ चा बिल्ड क्रमांक १४३९३, २०१९ चा १७७६३ आणि २०२२ चा २०३४८. २०१६ चं सिस्टम स्टेट २०१९ वर चढत नाही. स्टँडर्डला स्टँडर्ड, डेटासेंटरला डेटासेंटर, कोअरला कोअर. भाषाही तीच ठेवा आणि अपडेट शक्यतो बॅकअपच्या वेळच्या पातळीपर्यंत आणा.

सर्व्हरचं नाव जुनंच द्या, पण डोमेनमध्ये जोडू नका, वर्कग्रुपमध्येच राहू द्या. डोमेनची ओळख बॅकअपमधून येणार आहे. ड्राइव्हची अक्षरंही जुळवा. डिरेक्टरीचा डेटाबेस पूर्वी डी ड्राइव्हवर होता आणि नव्या मशीनवर डी म्हणजे डीव्हीडी असेल, तर रिस्टोर तिथेच अडेल.

नव्या मशीनचं हार्डवेअर वेगळं आहे. चालेल का?

सिस्टम स्टेट त्याच मशीनवर किंवा त्याच मेकच्या, त्याच मॉडेलच्या मशीनवर परत आणण्यासाठी आहे. कारण सरळ आहे. रजिस्ट्रीत जुन्या रेड कार्डाचा (डिस्क ज्याला जोडलेल्या असतात त्या कार्डाचा) ड्रायव्हर ‘बूटवेळी सुरू हो’ म्हणून लिहिलेला असतो, नव्या कार्डाचं तिथे नावही नसतं. ती रजिस्ट्री नव्या मशीनवर आली की विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही.

हार्डवेअर वेगळं असेल आणि बॅकअप बेअर मेटल प्रकारचा, म्हणजे विंडोजसकट पूर्ण सर्व्हरचा, असेल, तर तोच वापरा. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, ‘रिपेअर युवर कंप्युटर’ निवडा आणि ‘सिस्टम इमेज रिकव्हरी’त जा. इथे तीन गोष्टी लोकांना अडवतात. नवी डिस्क जुन्या डिस्कइतकी किंवा मोठी हवी, जुन्या डिस्कवर भरलेली जागा कितीही कमी असो. जुनं मशीन यूईएफआयवर बूट होत असेल तर नवंही तसंच बूट करा. आणि स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा, तो पडद्यावर मागितला जातो.

नुसतं सिस्टम स्टेट हातात असेल, दुसरा डीसी नसेल आणि हार्डवेअरही वेगळं असेल, तर तशाच मॉडेलचं वापरलेलं मशीन किंवा निदान तेच रेड कार्ड मिळवायचा प्रयत्न आधी करा. दोन दिवस शोधण्यात गेले तरी पुढचा मनस्ताप वाचतो.

डिस्क जोडली, फाइल्स दिसतात, पण विंडोजला बॅकअप सापडत नाही. का?

बहुतेक वेळा फोल्डरची जागा बदललेली असते. ‘विंडोजइमेजबॅकअप’ हे फोल्डर डिस्कच्या अगदी मुळाशी आणि त्याच नावाने हवं. त्याच्या आत जुन्या सर्व्हरच्या नावाचं फोल्डर असतं, तेही तसंच हवं. कुणी ते ‘ओल्ड सर्व्हर मे’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं असेल तर बाहेर काढा.

बॅकअपसाठी पूर्ण डिस्क वाहून दिली असेल तर तिला एक्सप्लोररमध्ये अक्षरच मिळत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते. विंडोजने तिथे ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

बॅकअप नेटवर्क शेअरवर घेतला असेल तर तिथे फक्त शेवटचा बॅकअप मिळेल, नवा बॅकअप जुन्यावर लिहिला जातो. सर्व्हर बिघडायला लागल्यावर रात्रीचा शेड्यूल्ड बॅकअप चालला असेल, तर त्या शेअरवर बिघडलेली अवस्थाच जपून ठेवलेली असेल.

बॅकअपची तारीख आणि वेळ चुकीची दिसते आहे.

चुकीची नाही. यादीत प्रत्येक बॅकअपसमोर दोन वेळा असतात. ‘बॅकअप टाइम’ स्थानिक असतो, ‘व्हर्जन आयडेंटिफायर’ जागतिक प्रमाणवेळेत असतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १५ मे २०२४ ला रात्री २ वाजता घेतलेल्या बॅकअपचा आयडेंटिफायर ०५/१४/२०२४-२०:३० असा दिसतो : तारीख एक दिवस मागची, वेळ साडेआठची, आणि महिना आधी. रिस्टोरच्या कमांडमध्ये हाच आयडेंटिफायर लागतो. घड्याळाची वेळ लिहिली किंवा आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला, तर ‘असा बॅकअप नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस बॅकअपच खराब समजून बसतो. यादीतून जसाच्या तसा कॉपी करून पेस्ट करा.

प्रत्यक्ष रिस्टोर कसं करायचं?

१. सर्व्हर मॅनेजरमधून ‘विंडोज सर्व्हर बॅकअप’ हे फीचर टाका. ताज्या विंडोजवर ते आधीपासून नसतं.

२. बायोसमधली तारीख-वेळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर घड्याळ मागे गेलेलं असतं. डोमेनमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस ही ओळख तपासणारी यंत्रणा लॉगिन नाकारते. सेल आत्ताच बदला.

३. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘डब्ल्यूबीॲडमिन गेट व्हर्जन्स’ ही कमांड द्या. बॅकअपटार्गेट या पर्यायात बॅकअपची डिस्क लिहा, मशीन या पर्यायात जुन्या सर्व्हरचं नाव. यादी आली की आयडेंटिफायर टिपून घ्या आणि ‘कॅन रिकव्हर’समोर सिस्टम स्टेट लिहिलंय का ते पाहा.

४. ‘डब्ल्यूबीॲडमिन स्टार्ट सिस्टमस्टेटरिकव्हरी’ ही कमांड द्या. सोबत व्हर्जन (टिपलेला आयडेंटिफायर), बॅकअपटार्गेट आणि मशीन हे तिन्ही पर्याय लिहा. एकुलता एक डीसी असेल तर ‘ऑथसिसव्हॉल’ हा पर्यायही द्या. विचारल्यावर ‘वाय’ दाबा.

५. पूर्ण झालं की सर्व्हर रिस्टार्ट करा. या वेळी लॉगिन जुन्या सर्व्हरच्या पासवर्डने होतं, नव्या विंडोजला दिलेल्या पासवर्डने नाही. लॉगिन होताच एक काळी खिडकी उघडते आणि रिकव्हरी यशस्वी झाल्याचं सांगते. ती दिसली नाही तर काम पूर्ण झालं असं धरू नका.

ताज्या विंडोजवर डिरेक्टरी अजून सुरूच नसते. पण सर्व्हर आधीपासून डीसी असेल आणि त्याच विंडोजवर रिस्टोर करायचं असेल, तर आधी डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोर मोडमध्ये, म्हणजे डीएसआरएममध्ये जावं लागतं. ‘बीसीडीएडिट’ने सेफबूटला ‘डीएसरिपेअर’ ही किंमत द्या आणि रिस्टार्ट करा. काम झाल्यावर तीच सेफबूटची नोंद ‘डिलीटव्हॅल्यू’ने काढायची. ती राहिली तर सर्व्हर दर वेळी डीएसआरएममध्येच उघडतो, आणि ‘रिस्टोर करूनही डोमेन चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

किती वेळ लागतो? मध्येच वीज गेली तर?

सिस्टम स्टेट दिसतं त्यापेक्षा मोठं असतं, सहज १० जीबीच्या वर. त्यात छोट्या फाइल्स असंख्य असतात, म्हणून यूएसबी २ च्या डिस्कवरून तासापेक्षा जास्त वेळ धरून चाला. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रिकव्हरी एकदा सुरू झाली की मध्ये थांबवायची नसते. अर्धवट राहिली तर विंडोज बूट होईलच याची खात्री नाही. म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासा, जनरेटर असेल तर त्यातलं डिझेल बघा, आणि वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस आला असेल तर त्या दिवशी हात लावू नका. रिकव्हरी मध्येच तुटली आणि सर्व्हर अजून चालू असेल, तर रिस्टार्ट न करता तीच कमांड पुन्हा चालवा.

रिस्टार्टनंतर निळा पडदा आला : ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

हा वर सांगितलेला रेड कार्डाचाच प्रश्न. आधी बायोसमध्ये साटाचा मोड पाहा. जुनं मशीन एएचसीआयवर आणि नवं रेडवर असेल, किंवा उलट असेल, तर तो जुळवल्यावर काम होऊ शकतं. तसं नसेल तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘डिझम’ कमांडला इमेज म्हणून विंडोजचा ड्राइव्ह देऊन ‘ॲड-ड्रायव्हर’ने कंट्रोलरचा ड्रायव्हर आत घाला. तिथे विंडोजचा ड्राइव्ह सी म्हणूनच दिसेल असं नाही, आधी ‘डिर’ करून खात्री करा. ड्रायव्हरचं पॅकेज आयएनएफ फाइल असलेलं, सुटं केलेलं हवं. सेटअपची ईएक्सई चालत नाही.

सर्व्हर उठला, पण एकाही कंप्युटरवर लॉगिन होत नाही.

नेटवर्क कार्ड बघा. हा प्रकार फार वेळा होतो आणि फार उशिरा लक्षात येतो. जुना स्थिर आयपी रजिस्ट्रीसोबत परत आलेला असतो, पण तो जुन्या कार्डाच्या नावावर. ते कार्ड आता मशीनमध्ये नाही. नव्या कार्डाला राउटरने भलताच आयपी दिलेला असतो. क्लायंट कंप्युटर डीएनएस म्हणून जुना आयपी शोधत राहतात, आणि तिथे उत्तर द्यायला कुणीच नसतं.

नव्या कार्डाला जुना आयपी द्यायला गेलात की विंडोज म्हणतं, हा पत्ता सध्या हजर नसलेल्या दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूतून लपलेली डिव्हाइसेस दाखवा. नेटवर्क ॲडाप्टर्समध्ये जुनं कार्ड फिकट रंगात दिसेल, ते अनइन्स्टॉल करा. मग नव्या कार्डाला जुना आयपी द्या. डीसी असेल तर डीएनएसमध्ये त्याचा स्वतःचाच आयपी लिहा, राउटरचा किंवा बाहेरचा नाही. शेवटी नेटलॉगन सर्व्हिस रिस्टार्ट करा.

शेअर फोल्डर गायब आहेत आणि काही सर्व्हिस सुरू होत नाहीत.

शेअरची नावं आणि शेअर परवानग्या रजिस्ट्रीत असतात, म्हणून त्या येतात. फोल्डर आणि त्यावरच्या एनटीएफएस परवानग्या डेटासोबत असतात. फोल्डर जागेवर नसेल तर सर्व्हर सर्व्हिस तो शेअर उभाच करत नाही आणि इव्हेंट लॉगमध्ये २५११ ची नोंद टाकते. म्हणून डेटा आधी त्याच ड्राइव्हवर, त्याच पाथवर परत आणा आणि मग सर्व्हर रिस्टार्ट करा.

सर्व्हिसचंही असंच. प्रोग्रामची नोंद रजिस्ट्रीतून आली, पण प्रोग्राम फाइल्समधलं त्याचं फोल्डर सिस्टम स्टेटमध्ये नव्हतं. तो प्रोग्राम त्याच जागी पुन्हा इन्स्टॉल करा.

बॅकअप किती जुना चालतो?

डीसीसाठी मर्यादा ठरलेली आहे : टूमस्टोन लाइफटाइम, म्हणजे डिलीट झालेल्या वस्तूची खूण जितके दिवस जपली जाते ती मुदत. सर्व्हर २००३ एसपी १ पासून पुढे नव्याने बनवलेल्या फॉरेस्टमध्ये (डोमेनच्या समूहात) ती १८० दिवस असते, त्याआधीच्या फॉरेस्टमध्ये ६० दिवस. डोमेन २००३ च्या पहिल्या आवृत्तीवर सुरू होऊन पुढे अपग्रेड होत आलं असेल तर ६० च असू शकते, हे तपासून घ्या. मुदत उलटलेल्या बॅकअपमध्ये डिलीट झालेल्या वस्तू जिवंत असतात आणि इतर डीसींना त्या डिलीट झाल्याचं आठवत नसतं, म्हणून असा बॅकअप वापरायचा नाही.

साध्या मेंबर सर्व्हरला, म्हणजे डोमेनमध्ये जोडलेल्या पण डीसी नसलेल्या सर्व्हरला, वेगळी अडचण येते. त्याचा मशीन पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. बॅकअपमध्ये जुना पासवर्ड असेल तर ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येतो. लोकल ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन करून पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कंप्युटरसिक्युअरचॅनल’ला रिपेअर पर्याय आणि डोमेन ॲडमिनचं क्रेडेन्शियल द्या. डोमेनमधून काढून पुन्हा जोडायची बहुधा गरज पडत नाही.

चुकून एक पूर्ण ओयू (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला युजर-कंप्युटरांचा गट) डिलीट झाला. साध्या रिस्टोरने परत येईल?

येईल आणि दुसऱ्या डीसीवरून रेप्लिकेशन होताच पुन्हा डिलीट होईल. इथे ऑथोरिटेटिव्ह रिस्टोर लागतो. डीएसआरएममध्ये सिस्टम स्टेट परत आणा. रिस्टार्टनंतरही डीएसआरएममध्येच राहून एनटीडीएसयुटिल उघडा, ‘ॲक्टिव्हेट इन्स्टन्स एनटीडीएस’, मग ‘ऑथोरिटेटिव्ह रिस्टोर’, आणि ‘रिस्टोर सबट्री’ला त्या ओयूचं पूर्ण डिस्टिंग्विश्ड नाव द्या. त्या वस्तूंचा आवृत्ती क्रमांक बॅकअपनंतरच्या दर दिवसाला एक लाख या हिशोबाने वाढतो, म्हणून बाकीचे डीसी तीच प्रत खरी मानतात. अख्खा डेटाबेस असा परत आणू नका, हवी तेवढीच फांदी घ्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन आधीपासून चालू असेल तर यातलं काहीच लागत नाही, सरळ तिथून परत घ्या.

सिसव्हॉल शेअर दिसत नाही, ग्रुप पॉलिसी लागत नाही.

‘नेट शेअर’ कमांडने सिसव्हॉल आणि नेटलॉगन दिसतात का पाहा. एकुलता डीसी असेल तर सिसव्हॉल कुणाकडून घ्यायचं याची तो वाट पाहत बसतो. रिस्टोरच्या कमांडला ‘ऑथसिसव्हॉल’ हा पर्याय दिला असता तर ही वेळ आली नसती. आता सिसव्हॉलची नक्कल डीएफएसआर या पद्धतीने होत असल्यास एडीएसआय एडिट या साधनात त्या सर्व्हरच्या सिसव्हॉल सबस्क्रिप्शनवर ‘एमएसडीएफएसआर-एनेबल्ड’ फॉल्स आणि ‘एमएसडीएफएसआर-ऑप्शन्स’ १ करा. ‘डीएफएसआरडायग पोलएडी’ चालवा आणि इव्हेंट ४११४ ची वाट बघा. मग एनेबल्ड ट्रू करून तीच कमांड पुन्हा चालवा. ४६०२ आला की सिसव्हॉल उभं राहिलं. दुसरा डीसी हजर असताना ऑप्शन्स १ करू नका, तिथे फक्त फॉल्स-ट्रू पुरतं आणि शेवटी ४६०४ येतो.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट आहे. तोच मागे नेला तर?

सर्व्हर २०१२ पासूनचा डीसी आणि जनरेशन आयडी (मशीन मागे नेल्याची खूण) पुरवणारा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, असेल, तरच डीसीला कळतं की आपल्याला मागे नेलं आहे. त्याआधीच्या डीसीवर यूएसएन रोलबॅक होतो, म्हणजे बदलांचा क्रमांक मागे जातो. इव्हेंट २०९५ पडतो, रेप्लिकेशन बंद होतं आणि तो डीसी काढून टाकण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही. कॉपी केलेली व्हीएचडी फाइल परत जोडणं त्याहून धोक्याचं. एकाहून जास्त डीसी असतील तर स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका.

सर्व्हर रूममध्ये कूलर लावला तर चालेल का?

हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यात हमखास येतो. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की एसी थकतो आणि कुणीतरी डेझर्ट कूलर आणून ठेवतो. तो ओली हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही आत ओढतो. ओलसर धूळ हीटसिंकवर आणि स्लॉटच्या पिनांवर बसते, तिथे पुढे गंज धरतो. नवं मशीन अशा खोलीत ठेवून रिस्टोर करू नका. एसी बंद असेल तर मशीन तात्पुरतं साहेबांच्या एसी केबिनमध्ये हलवा, नेटवर्कची एक लांब केबल पुरते.

डीएसआरएमचा पासवर्डच कुणाला माहीत नाही.

हा पासवर्ड डीसी प्रमोट करताना दिलेला असतो आणि डोमेनच्या ॲडमिनिस्ट्रेटरपेक्षा वेगळा असतो. सर्व्हर अजून चालू असेल तर आत्ताच बदलून घ्या : एनटीडीएसयुटिल उघडा, ‘सेट डीएसआरएम पासवर्ड’, मग ‘रिसेट पासवर्ड ऑन सर्व्हर नल’, नवा पासवर्ड दोनदा, आणि दोनदा ‘क्यू’. सर्व्हर रिस्टार्ट करावा लागत नाही. डीएसआरएममध्ये लॉगिन करताना युजरनेमच्या आधी टिंब आणि बॅकस्लॅश द्या, नाहीतर विंडोज डोमेनचं खातं शोधत बसतं. पासवर्ड बदलल्यावर लगेच सिस्टम स्टेटचा नवा बॅकअप घ्या, कारण जुन्या बॅकअपमधून परत आलेल्या सर्व्हरवर जुनाच पासवर्ड चालतो.